पाणी एका मशीनवर, रेंडर वीसांवर

धाटावच्या एमआयडीसीजवळून वाहणारी कुंडलिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाण्याचा क्रम समजावून सांगावा लागत नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की कोलाडला राफ्ट निघतात आणि तेच पाणी पुढे रोह्याकडे येतं. ही नदी संगणकावर उभी करायला बसलेल्या आर्टिस्टलाही हा क्रम चुकवता येत नाही. सिम्युलेशनची शंभरावी फ्रेम काढायची, तर नव्व्याण्णवावी आधी हातात हवी. हे काम फ्रेमचे तुकडे करून वीस मशिनांना वाटता येत नाही.

रेंडरिंगचं तसं नाही. पाण्याचा आकार ठरला की प्रकाश आणि सावली चढवणं हे ज्या त्या फ्रेमचं स्वतंत्र काम. सेकंदाला २४ या हिशेबाने दहा सेकंदांच्या २४० फ्रेम होतात. वीस मशिनांत वाटल्या की प्रत्येकाला बारा. म्हणून सिम्युलेशन आधी एका मशीनवर पूर्ण करून फ्रेमगणिक डिस्कवर लिहून ठेवतात. हीच कॅश.

ती सापडली नाही, तर मशीन अनेकदा तक्रारही करत नाही. कोरडं पात्र रंगवून मोकळं होतं. सकाळी फोल्डर उघडावं, तर काही फ्रेममध्ये नदी आणि काहींत नुसते दगड!

दोष बहुतेक वेळा पाथचा असतो. कॅश ‘डी ड्राइव्ह’वर आहे असं सीनमध्ये लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या मशीनचा डी ड्राइव्ह वेगळाच असतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पाथच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा दिल्या की तो सीन फाइलच्या जागेपासून मोजला जातो. पण सीन पाठवला आणि कॅशचं फोल्डर मागेच राहिलं, तर त्या रेघा तरी काय करणार? सगळ्यांना एकाच पत्त्यावर दिसणारं शेअर्ड फोल्डर हवंच. विंडोजवर जोडलेला झेड ड्राइव्ह त्या लॉगइनपुरताच असतो. पार्श्वभूमीत सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या रेंडर प्रोग्रामला तो दिसेलच असं नाही. तिथे सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पाथ द्यावा. लिनक्सवर तर फाइलच्या नावातलं एक कॅपिटल अक्षरही आडवं येतं.

पत्ता बरोबर असला तरी वाट अरुंद असू शकते. एका फ्रेमची कॅश २०० एमबी धरू. वीस मशिनांनी एकदम मागितली, तर ४ जीबी. सर्व्हरला गिगाबिटची एकच केबल असेल, तर सेकंदाला फार तर १२५ एमबी. म्हणजे बत्तीस सेकंद सगळी मशिनं हात बांधून बसणार. कॅशच लहान झाली तर ही कोंडी कमी होते, आणि धुराच्या बाबतीत ओपनव्हीडीबीने तसा मोठा दिलासा दिला. ड्रीमवर्क्समध्ये केन म्युसेथ आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं हे तंत्र २०१२ मध्ये सर्वांना खुलं झालं. धुराड्यातून वर चढणारा धूर आभाळाची जेवढी जागा व्यापतो, मुख्यतः तेवढीच ते साठवतं.

मोठ्या स्टुडिओत हे सगळं पाहायला पाइपलाइनची वेगळी माणसं असतात. गावात चार मशिनं जोडणाऱ्याला ते स्वतःच पाहावं लागतं. या कामाला हमाली समजणं चूक आहे. आर्टिस्टने घडवलेलं पाणी पडद्यापर्यंत पोहोचतं ते यामुळेच.

तेव्हा रात्री रेंडर लावण्याआधी दुसऱ्या मशीनवर मधली एखादी फ्रेम काढून पाहा. पहिली नको, पहिल्या फ्रेममध्ये पाणी अनेकदा आलेलंच नसतं.