नारायण विनायक जगताप कोण?

मंडळी, हे नाव तुमच्यापैकी किती जणांना आठवतं?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. मागाहून कळलं, की हे म्हणजे आपले जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. बक्षीस कथेला मिळावं, नावाला नको, एवढाच हेतू. १९७५ च्या कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या लेखनाची आवर्जून दखल घेतली. मग ‘किर्लोस्कर’मधून त्यांच्या कथा येऊ लागल्या आणि १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला.

पण मला या कथा आठवतात त्या मासिकांतल्याच. आमच्या घोडपदेवच्या चाळीत लायब्ररीवाला पिशवीतून मासिकं आणून द्यायचा. दोन दिवसांत वाचून परत करायची. अंतरकरांचं ‘नवल’ आलं की घरात नंबर लागायचे. भुताची गोष्ट, शिकारकथा आणि त्यांच्याच शेजारी एखादी विज्ञानकथा. ‘हे विज्ञान आहे, आपल्याला झेपायचं नाही’ असं कुणाला वाटायचंच नाही. आई दुपारची भांडी उरकून तीसुद्धा वाचायची.

नववीच्या ऑफ तासाला मी मुलांना एकदा सांगितलं, की कृष्णविवराजवळ काळ संथ होतो. तिथं जाऊन आलेला माणूस तरुणच राहील, इथली माणसं मात्र म्हातारी झालेली असतील. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, आमच्या बाबांचं तसंच होतं. वर्षानं गावाला जातात, तर धाकटी त्यांना ओळखतच नाही.” वडील गिरणीत, बाकी घर गावाकडे. सापेक्षतेवर माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण आजही नाही.

नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांची पुस्तकं आहेत, राहतील. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचीही आहेत. माझा जीव अडकतो तो वेगळ्याच लोकांत. दिवाळी अंकात एखाददुसरी कथा लिहून थांबलेले कुणी क्लार्क, कुणी शिक्षक, कुणी गृहिणी. ते खरोखरचे जगताप! त्यांच्या नावामागे कुणी नारळीकर नव्हते. त्यांचं पुस्तक निघालं नाही. अंक रद्दीत गेला की कथाही गेली.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती. माळा साफ करताना जुने अंक सरळ रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. आधी अनुक्रमणिका बघा. ‘विज्ञानकथा’ असं दिसलं, तर तेवढी पानं तरी मोबाइलवर फोटो काढून मला पाठवा. लेखकाचं नाव ओळखीचं नसेल, तर आधी पाठवा.