कारकुनाचं मनगट

पडले तेव्हा आधी हात दिसलाच नाही, गेटपास दिसले. मागच्या हंगामाचा गठ्ठा सुटून खोलीभर पसरला होता आणि मी फरशीवर पडल्या पडल्या ऑफिसच्या पोराला ओरडत होते, ‘अरे, नंबरानं लाव, नंबरानं!’ पोरगा मात्र माझ्या उजव्या मनगटाकडे बघत उभा होता. मग मीही बघितलं. हात जिथे वाकू नये तिथे वाकला होता.

डिसेंबर २०२१. धानाचा ऐन हंगाम. आमगावच्या एका राईस मिलमध्ये मी २०१८ पासून हिशेब लिहीत होते. ऑफिस म्हणजे वजनकाट्याला लागून असलेली एक खोली. खिडकीतून ट्रकचा आकडा बघायचा, पोती मोजायची, बिल्टी लावायची. सरकारी धानाची भरडाई असली की क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा, आणि तो हिशेब जुळेपर्यंत जेवणाचा डबा उघडायचा नाही. मिल सुरू असली की कीबोर्डवर दर तासाला कोंड्याचा थर बसतो. मी खिशात दाढीचा ब्रश ठेवायची, साफ करायला.

त्या दिवशी जुने गेटपास तपासणीसाठी हवे होते. ते आलमारीच्या डोक्यावर. चढायला जे स्टूल होतं, ते मिलच्याच उरलेल्या फळ्यांचं ठोकलेलं. त्याचा एक पाय हलतो हे मला ठाऊक होतं, मिलचे मालक शेठजींना ठाऊक होतं, पोराला ठाऊक होतं. त्यावर चढताना भिंतीला हात लावायचा एवढाच त्याचा नियम. त्या दिवशी दोन्ही हातांत गठ्ठा होता.

गोंदियाला नेलं. पट्टी आणि स्क्रू टाकून मनगट बसवलं. दवाखाना आणि औषधं मिळून ६८,४०० रुपयांचं बिल झालं. नवरा इलेक्ट्रिशियनची कामं करतो, हा आकडा आमच्या घरात मावणारा नव्हता. चौथ्या दिवशी शेठजी सफरचंदं घेऊन भेटायला आले. ‘मॅडम, तुम्ही तर घरच्या माणूस,’ म्हणाले. आठवड्याने त्यांच्या मुनीमजींनी नवऱ्याला बोलावून २०,००० रुपयांचं पाकीट दिलं आणि शंभराच्या स्टॅम्पवर सही घेतली. मजकूर असा, की मिलने माणुसकीच्या नात्याने मदत केली आहे, यापुढे कुठलाही हक्क मागणार नाही. नवऱ्याने सही केली. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं होतं. आमगाव केवढं! शनिमंदिरात तेच, लग्नाच्या पंगतीत तेच, पोरीच्या शाळेच्या पालकसभेतही तेच. त्यांच्याशी भांडून जायचं कुठे?

मग एक दिवस बाबा आले. बाबा म्हणजे मिलचे सगळ्यात जुने हमाल. हातात लाखोळीच्या भाजीची जुडी. दोन वर्षांआधी यंत्राच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची दोन पेरं गेली होती. दारातूनच विचारलं, ‘बाई, कागद टाकला का नाही?’

‘कसला कागद?’

‘मोबदल्याचा. माह्या बोटाचा त तुमीच लिवला होता.’

खरंच होतं ते. त्यांचा अर्ज, मिलचं पत्र, विमा कंपनीचा फॉर्म, सगळं मीच टाइप केलं होतं. बाबांना वाचता येत नाही, पण कामगार भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टातले आकडे त्यांना तोंडपाठ. बोटं मोडत सांगू लागले, ‘अंगठ्याले तीस, पयल्या बोटाले चौदा, मधातल्याले बारा, करंगळीले सात. माही दोन पेरं गेली, त अकरा. मनगटाले कितीक हाये?’

मनगट त्या कोष्टकात नाही. गेलेल्या अवयवांचे टक्के त्यात आहेत, मोडून वाकडं जुळलेल्या हाडाचे नाहीत. ते डॉक्टरनं ठरवायचं. हेही मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, ‘बाबा, ते मजुरांसाठी असते. मी कारकून आहे.’

‘मंग तुमाले पगार कोन देते, तहसीलदार?’

बाबा गेल्यावर मला विम्याची यादी आठवली. मिलची कामगार भरपाईची पॉलिसी दर वर्षी नवी करायची असते. तिच्यासोबत नावांची आणि पगारांची यादी जोडावी लागते, कारण हप्ता पगाराच्या बेरजेवर ठरतो. ऑपरेटर, हमाल, ड्रायव्हर, रखवालदार अशी २३ नावं. खाली ‘कार्यालयीन कर्मचारी’ या रकान्यात एकच शब्द, निरंक. ‘ऑफिसवाल्यांना काय होतंय? उगाच हप्ता वाढतो,’ असं शेठजी म्हणाले होते आणि मला ते पटलं होतं. निरंक हा शब्द मीच टाइप केला होता. प्रिंटही मीच काढली.

शेवटी मी वकील गाठले. गोंदियाच्या वकीलबाई तरुण होत्या. माझं ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला, ‘मिलमध्ये विजेवर चालणारी यंत्रं आहेत ना?’ मला हसूच आलं. मग त्यांनी समजावलं. हा कायदा १९२३ सालचा. १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कारखान्याच्या आवारात काम करणाऱ्याला त्यात संरक्षण होतं, पण व्याख्येतच एक फट ठेवलेली होती, कारकुनी काम करणारे सोडून. म्हणजे एकाच छपराखाली पट्ट्याजवळचा माणूस आत, टेबलाजवळचा बाहेर. ती फट २००९ च्या दुरुस्तीने बुजवली आणि १८ जानेवारी २०१० पासून कारकूनही आत आले. कायद्याच्या नावातला ‘कामगार’ही तेव्हाच जाऊन ‘कर्मचारी’ झाला. मी स्वतःला कामगार समजत नव्हते याचं मला फार वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. कायद्यालाही ते समजायला ऐंशीहून जास्त वर्षं लागली होती.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र रागच आला. २०१७ पासून मालकावर बंधन होतं. माणूस कामाला ठेवताना त्याला भरपाईचा हक्क लेखी कळवायचा, तोही त्याला समजेल त्या भाषेत. मी लागले २०१८ ला. पहिल्या दिवशी मला मिळालं ते एक कॅल्क्युलेटर आणि आलमारीची चाबी.

स्टॅम्पपेपर मी घाबरत घाबरत पुढे केला. वकीलबाईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. हक्क सोडल्याचा असा करार या कायद्यात रद्दच धरतात म्हणे. मग म्हणाल्या, ‘आणि तुम्ही बाई आहात, ते एक बरं आहे.’

तेव्हाच्या कायद्याचं कलम आठ. अपघातात माणूस गेला तर त्याची भरपाई, आणि एकरकमी भरपाई घेणारी स्त्री असेल किंवा कायद्याने अक्षम व्यक्ती असेल तर ती रक्कम, मालकाने परस्पर हातात द्यायचीच नाही. आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिली तर ती भरपाई दिली असं धरतच नसत. आणि जमा झालेले पैसे स्त्रीच्या ‘हितासाठी’ कसे गुंतवायचे, कसे द्यायचे, हे आयुक्त ठरवू शकत होते. मी ते दोनदा वाचून घेतलं. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या लाखोंचा हिशेब पैशापैशाने जुळवणारी मी, आणि कायद्याच्या एकाच ओळीत माझ्या शेजारी कोण बसलेलं, तर वेडसर आणि अज्ञान. त्याच ओळीने माझ्या नवऱ्याने घेतलेलं पाकीट निकामी करून मला वाचवलंही. या कलमाचे आभार मानायचे की त्याच्यावर चिडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्च २०२२ मध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, मग अर्ज टाकला. दोन वर्षांची मुदत होती, आम्ही चौथ्या महिन्यातच होतो. नोटीस पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर शेठजींचा भाचा बसला. बाजारात भाजी घेताना बायका विचारू लागल्या, ‘मिलवर केस टाकली म्हणे?’ स्वर असा, की जणू मी देवळातली घंटा चोरली. नवरा महिनाभर माझ्याशी तुटकच बोलला. स्टॅम्पवरची सही त्याची होती, तिचा त्याला त्रास होत होता. ते मला फार उशिरा कळलं.

मग तारखा. आमगाव स्टेशनवर सकाळची मेमू धरायची, गोंदियाला उतरायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात दुपार काढायची, संध्याकाळी परत. एका तारखेला जज रजेवर, एका तारखेला मिलचे वकील, एकदा संप. प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याची बिलं आणि बँकेचं पासबुक. त्यात दर महिन्याच्या सात तारखेला १२,००० जमा झालेले दिसत होते, म्हणून पगारावर वाद झाला नाही.

वाद झाला तो मी तिथे होते की नाही यावर. मिलचं म्हणणं, त्या दिवशी मी रजेवर होते आणि घरी पडले. कोर्टाने हजेरीपत्रक मागवलं. त्या तारखेला माझ्या नावासमोर हजेरीची खूण होती, आणि खालच्या २३ नावांसमोरही तशाच. अक्षर माझं. हजेरीपत्रक मीच भरत होते. सकाळी आल्या आल्या आधी बाबांची हजेरी, मग बाकीच्यांची आणि सगळ्यात शेवटी स्वतःची. वजनकाट्याच्या नोंदवहीत त्या दिवशी ११ वाजून १० मिनिटांपर्यंतचे ट्रक माझ्या अक्षरात होते, पुढचे पोराच्या. वळणदार अक्षरानंतर एकदम कावळ्याचे पाय. जजसाहेबांनी ते पान बराच वेळ बघितलं.

मग मिलचे वकील म्हणाले, स्टूल हलतं हे माहीत असून बाई चढल्या, म्हणजे चूक त्यांचीच. आमच्या बाईंनी उत्तर दिलं, की या कायद्यात कामगाराचा निष्काळजीपणा हा बचाव नाही. दारू प्यायलेला असेल, जाणूनबुजून हुकूम मोडला असेल, सुरक्षेचं साधन काढून टाकलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे साधन काढायला मुळात होतं कुठे?

शेवटचा मुद्दा टक्क्यांचा. सरकारी दवाखान्याच्या प्रमाणपत्रात मनगटाचं १८ टक्के कायमचं अपंगत्व लिहिलं होतं. मला वाटलं, चला, अठरा. पण हाताचं अपंगत्व वेगळं आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळं, भरपाई दुसऱ्यावर मिळते. डॉक्टरांची साक्ष झाली. मूठ पूर्ण वळत नाही, तळवा पूर्ण उताणा होत नाही. समोरचे वकील म्हणाले, ‘माउस डाव्या हातानेही चालतो.’ चालतो. मी शिकलेय. पण किर्दीची पंचवीस पानं उजव्या हाताने सलग लिहिता येत होती, आता चौथ्या पानाला मनगट पेटतं. ते कोर्टाला कसं दाखवायचं? जून २०२४ मध्ये निकाल लागला तो दहा टक्क्यांवर. सरकारी धानाचा उतारा ६७, माझ्या मनगटाचा १०.

हिशेब मी आदल्या रात्रीच करून ठेवला होता, वेगवेगळ्या टक्क्यांचा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. अपघाताच्या वेळी माझं वय ४० पूर्ण, त्याचा गुणक १८४.१७. गुणाकार १३,२६,०२४. हा पूर्ण माणूस निकामी झाला तर. त्याचे दहा टक्के १,३२,६०२. शिवाय या रकमेवर १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला जवळपास सोळा हजार. दवाखान्याचं खरं बिल वेगळं. त्यातून पाकिटातले वीस हजार वजा होऊन ४८,४०० उरले. उशिरासाठी निम्म्यापर्यंत दंड लावता येत होता, तो कोर्टाने लावला नाही. निकालपत्रातला गुणाकार माझ्या वहीशी रुपयाला रुपया जुळला. तेव्हा फार बरं वाटलं.

माझ्या निकालानंतर वर्षभराने, २९ जुलै २०२५ ला, याच कायद्याखालचा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला, साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. खालच्या कोर्टाने घरच्यांना ३,२६,१४० रुपये दिले, हायकोर्टाने ते काढून घेतले, कारण अपघात रस्त्यावर झाला, कामावर नाही. सुप्रीम कोर्टाने ते परत दिले, कामावर जाणं हेही कामाशी जोडलेलं असू शकतं म्हणून. बावीस वर्षं. त्याच्या बायकोला कोणी काय काय विचारलं असेल, बाजारात? आता तो जुना कायदाच गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली, आणि घरापासून कामापर्यंतचा रस्ता तिच्यात लिहून घेतला आहे.

माझे पैसे मिळायला निकालानंतर दोन महिने गेले. मिलने रक्कम जमा केली, पण स्त्री असल्यामुळे मला ती ‘माझ्या हितासाठी’ का हवी याचा अर्ज द्यावा लागला. पोरीची बारावीची फी, दवाखान्यासाठी बचतगटातून घेतलेली उचल, असं लिहिलं. बाबा त्या दिवशी मेमूत माझ्यासोबत होते, त्यांचंच काही काम होतं गोंदियाला. कोर्टातल्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज पाहिला, वकीलपत्र पाहिलं, पासबुक पाहिलं.

‘मॅडम, सही जुळत नाही.’

पासबुकावरची सही २०१६ सालची होती, तेव्हाच्या हाताची. मी कोऱ्या कागदावर चारदा करून बघितली. शेवटचा फराटा वरच जाईना, मनगट तिथपर्यंत वळतच नाही. मागे रांग होती. बाबा बाकावरून बघत होते. कारकून माझ्याच वयाचा असावा, त्याने नजर खाली घातली आणि शाईचं पॅड हळूच माझ्याकडे सरकवलं.

‘अंगठा चालेल,’ म्हणाला.

‘तीस टक्क्यांचा आहे बाई, जपून लावा,’ बाकावरून बाबा म्हणाले.