भिंगाचें सोंवळें

"डोळ्यांत धुळीचा कण गेला तर जीव कासावीस होतो, मग हें भिंग जन्मभर कसें सोसावयाचें?" मातोश्रींच्या या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. त्यांच्या त्या डोळ्यास पूर्वीं वारंवार दाह होत असे. त्यामुळें मोतीबिंदु पिकला तरी शस्त्रक्रियेस त्या संमति देईनात.

मीं त्यांस हॅरॉल्ड रिडली यांची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे शिरले, तरी डोळ्यांनीं ते सोसले, हें त्यांनीं पाहिलें होतें. त्यावरून १९४९ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्यांनीं त्याच जातीच्या पदार्थाचें भिंग प्रथम डोळ्यांत बसविलें.

"सोसणें निराळें, आणि आपलें म्हणणें निराळें," मातोश्री म्हणाल्या.

त्यांचें बोलणें शास्त्रास धरूनच होतें, हें पुढें डॉक्टरांकडून कळलें. भिंग आंत जातांच डोळ्यांतील प्रथिनें त्यास चिकटतात, आणि त्यांच्या आधारानें दाहाच्या पेशी येऊन बसतात. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत स्वीडनमध्यें भिंगावर हेपारिनचा अतिसूक्ष्म लेप बसविण्यांत आला. हा लेप पाणी धरून ठेवितो. पेशींस पाय रोंवण्यास जागा मिळत नाहीं. अशा भिंगांवर त्यांचीं पुटें कमी आढळलीं.

परंतु निसरडेपणानें सारें साधत नाहीं. मोतीबिंदु काढल्यावर मागें राहणाऱ्या पातळ पडद्याशीं भिंग घट्ट बिलगलें नाहीं, तर उरल्यासुरल्या पेशी त्या फटींतून सरकतात, आणि दृष्टि पुन्हां धूसर होते. अॅक्रिलिकचीं कांहीं भिंगें पडद्यास चिकटतात; कडा काटकोनी ठेविली म्हणजे पेशींची वाट अधिकच अडते.

"म्हणजे पुढून सोंवळें आणि मागून जिव्हाळा!" मातोश्री हंसून म्हणाल्या. "या घरांत मी आलें, तेव्हां मलाही हेंच साधावें लागलें. एका दिवसांत साधलें नाहीं."

कोणतें भिंग योग्य तें डॉक्टरांवर सोंपवून त्या तयार झाल्या. दाह तीन महिने पूर्ण शांत राहिल्यावरच शस्त्रक्रिया झाली. पुढें कित्येक आठवडे घड्याळ लावून डोळ्यांत थेंब घातले.

पट्टी निघाली त्या सकाळीं त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मीं भीत भीत विचारलें, "खुपतें कां?"

"नाहीं रे," त्या म्हणाल्या, "पण तुझे केस कधीं पिकले?"