आठ चाकांचं इंजिन आणि दहा रुपयांचं तिकीट

आमचे आण्णा कुर्डुवाडीच्या लोकोशेडला आधी फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. घर मात्र येडशीला. त्यामुळे बार्शी लाईट ही नॅरोगेज रेल्वे आमच्यासाठी नुसती गाडी नव्हती. घरातला पगार, आईची काळजी आणि आण्णांच्या कपड्यांचा न जाणारा कोळशाचा वास, सगळं त्याच लाइनीवरून यायचं. वाफेच्या इंजिनाचं वेड मला तिथूनच लागलं. आज निवृत्तीच्या उंबरठ्यावरही ते गेलेलं नाही. पण हे वेड आणि रोज धाराशिवहून बार्शीला नोकरीसाठी केलेला प्रवास, या दोन गोष्टी मी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. लोक मानतात, म्हणून हे लिहितो आहे.

पांगरी सोडली की बालाघाटाची चढण सुरू व्हायची. रामलिंगच्या घाटात गाडी इतकी हळू चाले की पोरं उतरून सोबत धावत. शाळेच्या सुट्टीत आण्णांनी मला इंजिनावर घेतलं होतं, तेव्हाचं अजून डोळ्यांपुढे आहे. फायरबॉक्सचं दार उघडलं की तोंड भाजून निघायचं. मला वाटायचं, कोळसा ढकलायचा म्हणजे काय, बेलचा भरायचा आणि आत फेकायचा. तसं नव्हतं. आण्णा मनगटाला हिसका देऊन एक बेलचा मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकत, एक उजव्या, मग कडेकडेनं पातळ थर पसरत पुढे येत. मधे ढीग घातला की आग गुदमरते, म्हणायचे. मग धुराड्याकडे बघायचे. धूर काळा येऊ लागला की त्यांच्या कपाळाला आठी. "काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. म्हणजे पैसा वर चालला." काचेच्या नळीतल्या पाण्यावर त्यांची नजर सतत असे. चढावर पाणी मागे सरकतं, त्यामुळे नळीतली पातळी फसवी दिसते. ते बघून बघून कळतं. दवानं रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी गरगरायची, मग वाळू सोडायची आणि रेग्युलेटर अलगद मागे घ्यायचा. मैलभर गाडी वर न्यायला दोन माणसांचा जीव लागायचा.

त्या इंजिनाची आठ चाकं एकमेकांना दांड्यानं जोडलेली होती. लहानपणी मला तो ताकदीचा मामला वाटे. खरं कारण पुढे वाचनातून कळलं आणि ते कळल्यावर त्या इंजिनाबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बांधली. त्याचं गणित असं होतं की मुलूख गरीब आहे, माल हंगामी आहे, माणसाच्या खिशात पैसा नाही. तेव्हा रेल्वे स्वस्तात बांधता आली तरच ती इथे टिकेल. म्हणून अडीच फुटांचा गेज, म्हणून यार्डाला 30 पौंड वजनाचे हलके रूळ. हलक्या रुळावर जड इंजिन चालत नाही, म्हणून वजन आठ चाकांवर वाटलं आणि कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. मालडब्यांनाही हाच नियम. डब्यांचे सांगाडे दाबलेल्या पोलादाचे केले, म्हणजे डब्याचं स्वतःचं वजन कमी आणि आत माल जास्त. 1894 मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथं या गाड्यांची चाचणी घेतली, 1895 मध्ये लंडनला कंपनी निघाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा 21 मैलांचा पहिला तुकडा सुरू झाला. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. अवघी 202 मैलांची लाइन. 1954 च्या 1 जानेवारीला ती सरकारनं घेतली.

म्हणजे जे इंजिन बघायला आज जगभरचे शौकीन जीव टाकतात, ते मुळात काटकसरीतून जन्मलं होतं. त्याचं सौंदर्य मला तरी तिकिटाच्या दरापासून वेगळं काढता येत नाही.

सत्तरच्या दशकात असे शौकीन आमच्याकडेही येत. गळ्यात कॅमेरा, हातात वही, कपाळावर घाम. एकदा येडशीला एक गोरा पाहुणा दिवसभर थांबला होता. इंजिनावरची बांधणीची पितळी पाटी त्यानं रुमालानं पुसून वाचली, नंबर वहीत उतरवला. आण्णांनी त्याला चहा पाजला. मग स्टेशनमास्तरांना मध्ये घालून त्याला विचारलं, "तुमच्याकडं कामावर जाणाऱ्या माणसाला गाडीचा पास केवढ्याला पडतो?" पाहुणा जरा गडबडला. बराच वेळ बोलला. मास्तरांनी थोडक्यात सांगितलं, की अशा छोट्या लाइनी त्यांच्याकडे बहुतेक बंद झाल्या, आता हौशी लोक वर्गणी काढून काही ठिकाणी इंजिनं चालवतात. आण्णा म्हणाले, "मग कामावर जाणारं माणूस कशानं जातं?"

पुढे मला कळलं की याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये अशाच अडीच फुटी गेजची लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन बांधली होती. 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंद पडली. तिच्या जागेवर आज पायवाट आहे, लोक तिथं फिरायला आणि सायकल चालवायला जातात. तिची थोरली बहीण, आपली बार्शी लाईट, रूप बदलून का होईना पण अजून गाडी चालवते. मला याचा फार अभिमान वाटतो. आपल्याकडे इंजिन गेलं, पण प्रवासी राहिला.

नॅरोगेज गेल्याचं दुःख मला आहेच. तरीही ब्रॉडगेज व्हायलाच हवी होती. कुर्डुवाडीला कापसाचा, तुरीचा, गुळाचा प्रत्येक नग हमालांच्या पाठीवरून नॅरोगेजच्या गाडीतून ब्रॉडगेजच्या गाडीत जायचा. वेळ जायचा, माल फुटायचा, भाव पडायचा. शिवाय जुनी लाइन येडशीवरून जायची, जिल्ह्याचं गाव बाजूलाच राहायचं. 2007-08 मध्ये रुंदीकरण झालं तेव्हा ती वळवून धाराशिवातून नेली. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, पहिल्या खेपेला 10 टाक्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी. ती 342 किलोमीटरची वाट म्हणजे जवळजवळ संपूर्ण जुनी बार्शी लाईट. आमच्या फलाटावरून त्या टाक्या गेल्या तेव्हा लोक हात जोडून उभे होते. अडीच फुटी लाइनीवरून ते पाणी पोचलं नसतं.

पण गेज वाढला म्हणून कॅलथ्रॉपचं गणित सुटलेलं नाही. आमच्या सकाळच्या गाडीत कोण असायचं? बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला किरणोत्सर्गाच्या उपचारासाठी रोज जाणारे पेशंट आणि त्यांच्यासोबत एक घरचं माणूस. कॉलेजची पोरं. भाजीची पाटी घेतलेल्या बाया. मोंढ्यावर कामाला जाणारे. एका बाईंचं गणित मला पाठ झालं होतं: नवऱ्याचा उपचार काही आठवडे चालणार, दोघांचं जाणं-येणं, वर स्टेशनपर्यंतची रिक्षा. आमचं स्टेशन गावाबाहेर. शेअर रिक्षाला गाडीच्या तिकिटाहून जास्त पैसे पडतात. त्या बाई तिकीट काढताना नोट दोनदा उलटीपालटी करून बघायच्या, जणू तिच्यातून आणखी काही निघेल.

करोनानंतर गाड्या परत आल्या त्या पॅसेंजर म्हणून नव्हे, एक्स्प्रेस स्पेशल म्हणून. किमान तिकीट 10 रुपयांचं 30 झालं. गाडी तीच, डबे तेच, थांबेही तेच. फेब्रुवारी 2024 मध्ये दर पुन्हा 10 वर आला, पण तोवर जवळजवळ चार वर्षं गेली होती. मधल्या काळात मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या डब्यातल्या निम्म्या मावश्या एसटीकडे वळल्या. त्यांचं बरोबरच होतं. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत 2020 मध्ये बंद झाली, ती आजही परत आलेली नाही; आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट नेते.

तिकिटावर छापलेलं असतं की प्रवासाच्या सरासरी खर्चापैकी फक्त 57 टक्के रेल्वे वसूल करते. ते वाक्य मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी रागावलो आहे. खर्च खरा असेल, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण उरलेले 43 टक्के जणू त्या पाटीवाल्या मावशीवर केलेले उपकार आहेत, असा त्याचा सूर लागतो. ती बार्शीला पोचते म्हणून बार्शीची मंडई भरते. पेशंट वेळेवर पोचतो म्हणून उपचार मधेच तुटत नाहीत. हा हिशेब कुठल्या तिकिटावर छापायचा?

म्हणून वाफेच्या इंजिनांवर प्रेम करणाऱ्या मित्रांशी मी नेहमी वाद घालतो. कुठे जुनं इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवलं की ते मला फोटो पाठवतात. मी आनंदानं बघतो, मोठे करून बघतो, दांडे नीट जोडलेत का ते तपासतो. आणि लगेच विचारतो, त्या स्टेशनवर सकाळची पॅसेंजर थांबते का? ज्यांना या इंजिनांचा इतिहास तोंडपाठ आहे, त्यांनीच थांबे आणि दर यांसाठी अर्ज करायला हवेत. ही इंजिनं कशासाठी घडवली होती ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या नव्या मार्गाचं काम चालू आहे. मंजुरीच्या वेळी खर्च 904 कोटींच्या घरात होता, तो पुढे कितीतरी वाढला. बोगदे, पूल, भराव यांच्या बातम्या येतात. मी वाट बघतो आहे ती वेळापत्रकाची. नवरात्रात भवानीच्या दर्शनाला जादा गाड्या सुटतील, त्याबद्दल मला शंका नाही. सोलापूरच्या दवाखान्यात, कारखान्यात, कॉलेजात पोचवणारी सकाळची साधी गाडी त्यात असेल का, तिला मधल्या गावांना थांबे असतील का आणि तिचा पास रोजंदारीच्या माणसाला परवडेल का, हे तीन प्रश्न लिहून मी अर्ज तयार केला आहे. येडशीच्या जुन्या रेल्वेवाल्यांच्या पोरांच्या सह्या झाल्या आहेत. तुळजापूरकरांच्या अजून घ्यायच्या आहेत.