दुसरी प्रत

मूळ प्रतीचा जगात फार मान. दुसरीला कोणी विचारत नाही. मी मात्र दुसऱ्या प्रतीचा भक्त आहे.

माझं दैवत म्हणजे तपकिरीच्या डबीपेक्षा थोडी मोठी अशी एक काळी हार्ड डिस्क. दर रविवारी चहा झाला की मी ती तारेनं कॉम्प्युटरला जोडतो, आठवडाभरात साठलेलं सगळं तिच्यात उतरवून घेतो आणि काम होताच तार काढून टाकतो. कॉम्प्युटरला कधी कीड लागलीच, तर ती हिला लागू नये! घरात याला ‘बाबांची पूजा’ म्हणतात. म्हणोत बापडे!

या डबीचं अंतरंग मोठं गमतीचं आहे. आत आरशासारखी तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. तिच्यावर ग्रामोफोनसारखी सुई असते; पण ती टेकत नाही, केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगते. १९५६ साली आयबीएमनं असं पहिलं यंत्र काढलं, तेव्हा त्यात दोन दोन फुटी ५० तबकड्या होत्या, वजन जवळजवळ एक टन, आणि मावत होती अवघी ५० लाख अक्षरं. माझ्या खिशातल्या डबीत तसल्या काही लाख यंत्रांचा ऐवज मावतो. पण चालू असताना हातून निसटली, तर एका क्षणात सगळा संसार मोडू शकतो. तबकडीलाही आयुष्य असतं, आणि ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

“एवढं जिवापाड जपण्यासारखं तुमच्याकडे आहे तरी काय?” असं एका स्नेह्यानं मला विचारलं. मी त्याला पानशेत सांगितलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि मुठेकाठचं माझं आजोळ पाण्याखाली गेलं. माणसं वाचली, भांडीही चिखलातून निघाली. फोटोंची पेटी मात्र गेली. आईच्या लहानपणाचा एकही फोटो आज नाही. आजीआजोबांच्या लग्नाचा आहे, कारण त्याची दुसरी प्रत साताऱ्याला मावशीआजींच्या भिंतीवर होती. दोन्ही प्रती त्याच पेटीत असत्या, तर दोन्ही बुडाल्या असत्या.

आजचे जाणकार सांगतात, प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या छपराखाली असावी. मावशीआजींना हे शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यांनी आपला भिंतीला खिळा ठोकला होता.

आमचं दुसरं छप्पर म्हणजे नाशिकची बहीण. दर भाऊबीजेला मी तिच्या ताटात ताजी डबी ठेवतो आणि गेल्या वर्षीची परत घेतो. “दादा, साडी कुठाय?” असं ती दरवर्षी विचारते. साडीही असते.

त्या डबीत आईचा आवाज आहे. अनारशाच्या पिठाला गूळ किती, हे सांगता सांगता तिला खोकला येतो आणि मग ती स्वतःशीच हसते. अकरा मिनिटं. आईला जाऊन सहा वर्षं झाली.

नुसती प्रत घेऊन भागत नाही. ती उघडते की नाही, हे पाहावं लागतं. म्हणून भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं आटोपली की मी आणि बहीण ती डबी जोडून बसतो. मुलं विचारतात, “पुन्हा तेच ऐकताय?”

“प्रत नीट उतरली आहे ना, ते बघतोय,” असं आम्ही सांगतो.