मागची चाकं कधी फिरतात?

एक सोपा प्रश्न विचारतो. रस्त्यावरून मोटार जाते, तेव्हा तिला पुढे नेण्याचं काम किती चाकं करतात? चार म्हणालात? मग चुकलात! हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. मागची दोन नुसती पाठोपाठ येतात, वरातीतल्या पाहुण्यांसारखी. म्हणजे आपण जिला चारचाकी म्हणतो, ती कामाच्या हिशेबानं दोनचाकीच की!

उंच, ऐटबाज 'क्रॉसओव्हर' गाड्यांचंही बहुतेक वेळा असंच असतं, बरं का. जीपसारख्या गाडीला खाली लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर टप बसवलेला असतो. क्रॉसओव्हरमध्ये टप आणि सांगाडा एकच. दिसायला ती जीपची बहीण, पण हाडापेरानं मोटारच. डांबरी रस्त्यावर त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते माझ्या मामांच्या घराकडे जाताना.

मामांचं घर राजगडाच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत आहे. घरापासून डांबरी सडक गाठायला तांबड्या मातीचा खडा चढ चढावा लागतो. उन्हाळ्यात तो चढ साधाभोळा दिसतो. आषाढात मात्र त्याचा साबण होतो! आणि मामांना आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिसला जावं लागतं. त्यांची मूत्रपिंडं रक्त गाळायचं काम नीट करत नाहीत, म्हणून ते यंत्राकडून करून घ्यायचं. पाऊस आहे, आज राहू दे, असं म्हणता येत नाही. शरीरात पाणी साचतं, धाप लागते.

त्याच वाडीत एकांकडे पुढच्या चाकांवर चालणारी क्रॉसओव्हर आहे. पावसाळ्यात ती चढाच्या मध्यावर येते आणि तिची पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागतात. असं का होतं, ठाऊक आहे? चढावर गाडीचं वजन मागच्या बाजूला झुकतं. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात आणि मातीवरची त्यांची पकड सुटते. त्यात डिफरन्शियलची एक खोड असते. एक चाक घसरू लागलं, की फिरण्याचा सगळा वेग तिकडेच जातो आणि पकड असलेलं चाक गप्प बसून राहतं. दोरीखेचीत एकाचा पाय सटकला म्हणून दुसऱ्यानंही दोरी सोडावी, तसंच हे!

मामांची गाडी म्हणजे २०१५ साली घेतलेली रेनॉ डस्टर. ही गाडी भारतात २०१२ मध्ये आली आणि चारही चाकांना ताकद देणारा तिचा प्रकार २०१४ मध्ये. त्यात एक गोल बटण होतं. एका बाजूला फिरवलं, की फक्त पुढची चाकं. मध्ये ठेवलं, की गाडी आपलं आपण ठरवणार. पुढची चाकं घसरू लागली, की मागच्या आसाजवळचा विजेवर चालणारा क्लच आवळला जातो आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. तिसऱ्या बाजूला 'लॉक'. तिथं मागच्या चाकांचं काम पक्कं. शिवाय पहिला गिअर मुद्दाम इतका खालचा ठेवलेला, की गाडी माणसाच्या चालीनं सरपटत जाई. इंजिन दीड लिटरचं, डिझेलचं. त्याचा पीळ, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, सुमारे २४५ न्यूटन-मीटर, आणि तोही इंजिन फार न फिरवता मिळणारा. मामेभाऊ 'लॉक' लावून शांतपणे चढ चढून जायचा. मामा शेजारी डोळे मिटून बसलेले असायचे. भीतीनं नव्हे, थकव्यानं.

आता ती गाडी म्हातारी झाली आहे. मामा म्हणाले, "अरे, तुला गाड्यांतलं कळतं ना? मग बघ एखादी. मला पळणारी नको, चढणारी हवी." मी कामाला लागलो आणि लक्षात आलं, की दहा वर्षांत या छोट्या गाड्यांची पोटं पार बदलली आहेत.

मोठा बदल झाला १ एप्रिल २०२० ला. त्या दिवसापासून भारतात 'बीएस-६' हे धुराचे नवे नियम आले. डिझेल मोटारीला आधी एका किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड्स सोडायची मुभा होती, ती ०.०८ ग्रॅमवर आली. काजळीचे कण ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ वर. हे पाळायचं तर डिझेल गाडीला काजळी अडवणारी गाळणी आणि इतर महागडी यंत्रणा लावावी लागते. छोट्या गाडीला तो खर्च झेपत नाही. मारुतीनं तर डिझेल इंजिनं बंदच केली. डस्टरचंही डिझेल गेलं, आणि त्याच्याबरोबर चार चाकांची सोयही! त्याच वर्षी डस्टरला १.३ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन मिळालं. त्याचा पीळ २५४ न्यूटन-मीटर, म्हणजे जुन्या डिझेलपेक्षा जास्तच. पण तो सगळा जोर पुढच्याच दोन चाकांना. साबणावर उभ्या राहिलेल्या पहिलवानाचा काय उपयोग, सांगा बघू? २०२२ मध्ये त्या डस्टरचं उत्पादनही थांबलं.

तुम्ही म्हणाल, नियमच वाईट. मला नाही तसं वाटत. शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांत जाणारी काजळी कमी झाली, हे चांगलंच झालं. फक्त त्याची थोडी किंमत मामांच्या वाडीला मोजावी लागली, एवढंच.

मग आज काय मिळतं? २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा हायरायडर आल्या. त्यांत चार चाकांची सोय आहे, पण गंमत बघा, ती साध्या पेट्रोल इंजिनाबरोबर. जास्त मायलेज देणाऱ्या मोठ्या हायब्रिडला फक्त पुढची चाकं! या पेट्रोल इंजिनाचा पीळ सुमारे १३७ न्यूटन-मीटर, आणि तो पुरा मिळवायला इंजिन चांगलं गरगरवावं लागतं. सुरुवातीला या सोयीबरोबर हातानं बदलायचे गिअर होते. २०२५ पासून ती सहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर मिळू लागली. त्यातला टॉर्क कन्व्हर्टर गाडी निघताना इंजिनाचा पीळ वाढवतो. कमी ताकदीच्या इंजिनाला चढावर हा मोठाच आधार.

जिमनीही पाहिली. तिला खरा वेगळा दांडा आहे, खालच्या गिअरांचा वेगळा संच आहे, चढ तिला किरकोळ. पण जागा चौघांचीच, आणि परतीच्या वाटेवर मामांना मागं आडवं व्हावं लागतं. डिझेल आणि चार चाकं दोन्ही हवी असतील, तर थार आहे, स्कॉर्पिओ-एन आहे. त्यांची उंच पायरी मात्र मामांच्या गुडघ्यांना सोसत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. चारही चाकांना जोर मिळाला म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. उतारावर खरी भिस्त टायरांवर. मामेभावाला मी पहिलं हेच बजावलं.

पुढं कदाचित मधला लांब दांडाच जाईल. विजेवरच्या गाडीत पुढच्या आसाला एक मोटर आणि मागच्याला दुसरी लावली, की झालं. गुजरातमध्ये हंसलपूरला बनणाऱ्या ई-विटाराचा असा दोन मोटरींचा प्रकार युरोपात विकला जातो.

मामांना तेवढं थांबायला वेळ नाही. जूनच्या आत गाडी दारात हवी. विक्रेत्याला आम्ही एकच अट घातली : चाचणीची फेरी शोरूमभोवती नको, आमच्या चढावर. तो आला. आम्ही बोअरचं पाणी सोडून चढ आधीच भिजवून ठेवला होता. मामांना मागं बसवलं, मामेभावानं बटण 'लॉक'वर फिरवलं आणि गाडी, इंजिनाचा जरा जास्तच आवाज करत, वर गेली. वर पोचल्यावर मामा म्हणाले, "ओरडते फार." मग थोड्या वेळानं, "चालेल."