सात पूर्णांक सहा

नेमबाजीची फायनल बघताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो: आपला हात थरथरतोय हे ज्याला स्वतःला कळतंय, तो चाप ओढतो कसा? ५० मीटरवर दहाचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. उभ्याने मारताना रायफलचा सगळा भार हातावर आणि खांद्यावर, आणि नाडीचा ठोकासुद्धा नळीच्या टोकापर्यंत पोचतो. तिथे ‘मन घट्ट कर’ हा सल्ला कुचकामी. आवळून धरलेलं अंग उलट जास्तच हलतं. म्हणून भीती न वाटणं म्हणजे कणखरपणा, हे मला पटत नाही. भीती पोटात असताना लक्ष कुठे ठेवायचं, याची सवय म्हणजे कणखरपणा, आणि ती सरावाने लागते असं माझं मत आहे.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफलच्या तीन टप्प्यांच्या फायनलमध्ये आघाडीवर होता. उभ्याच्या टप्प्यात एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. जेमतेम दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये गुडघ्यावरच्या आणि झोपून मारायच्या टप्प्यांनंतर तो पाचवा होता. ज्या उभ्याच्या टप्प्याने आधी घात केला, त्याच टप्प्यात तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण स्कोअरबोर्डकडे पाहिलंच नाही, असं त्याने नंतर सांगितलं. मला तरी या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. गुण बघितले की मन पुढच्या गोळीवरून उठून निकालावर जाऊन बसतं.

एका माणसाच्या दोन फायनल म्हणजे पुरावा नव्हे, असं कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. नशिबाचाही वाटा असतो. पण ही सवय सरावाने लागते या मुद्द्याला प्रयोगाचाही आधार आहे. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवर अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी साधा सराव केला, काहींचं लक्ष सरावात दुसऱ्याच कामाकडे वळवलं, तर काहींनी व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर सराव केला. पुढे दडपण आणल्यावर कॅमेऱ्याची सवय झालेले टिकले, बाकीचे घसरले. कुणीतरी आपल्याकडे रोखून बघतंय ही अस्वस्थता त्यांच्या अंगवळणी पडली होती. प्रयोगशाळेतलं दडपण ऑलिंपिकच्या पासंगालाही पुरत नाही, हे खरं. स्वभावही प्रत्येकाचा वेगळा असतो. तरी शांत सभागृहात हजार गोळ्या मारलेल्या मुलाला थेट गर्दीपुढे उभं करायचं आणि त्याचे हातपाय गळाले की ‘याच्यात दम नाही’ म्हणायचं, हा मला अन्याय वाटतो.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे: कणखरपणाच्या गप्पा मारून आपण सगळा दोष खेळाडूच्या माथी मारतो. हा आक्षेप मला मान्यच आहे. स्वप्नीलच्या पाठीशी आधार होता. तो २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरी होती, म्हणजे दरमहा पगार होता. शिकवायला दीपाली देशपांडे होत्या, ज्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेम धरून आल्या होत्या. हरलं तर घर कसं चालेल, ही धास्ती डोक्यात असलेल्या मुलाला ‘फक्त पुढच्या गोळीचा विचार कर’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? श्वास आणि नजर आवरायला शिकवता येतं, पण शिकणाऱ्याला पंधरा वर्षं मैदानावर टिकून राहता आलं पाहिजे, आणि हांगझोऊतल्या त्या ७.६ नंतरही दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी रेंज उघडी असली पाहिजे.